पडद्यावरची फसवी लाट

माहीममधला राज्य मंडळाचा बारावीचा विद्यार्थी आलेख कागदावर काढतो. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला मात्र गणितासाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो. त्याचा पडदा डोळसपणे वाचायला हवा.

टीआय-८४ प्लस या अशाच एका कॅल्क्युलेटरच्या कृष्णधवल पडद्यावर ९६ × ६४ ठिपके असतात. आडव्या रांगेतले ९५ आलेखाला मिळतात. क्ष-अक्ष ० ते ३६० अंश ठेवून साइन (९५क्ष) काढून पाहा: ९५ दाट लाटांऐवजी साइन (क्ष) ची एकच संथ लाट उमटते! कारण यंत्र ९५ जागीच किंमत काढते, आणि नेमक्या त्या जागी दोन्ही फलांच्या किमती सारख्या येतात. मधले चढउतार त्याला दिसतच नाहीत.

दोन्ही अक्ष −१० ते १० असले, की वर्तुळही लंबगोल दिसते. झूम यादीतला ‘झेडस्क्वेअर’ निवडला, की ते गोल होते.