‘ऐकतच नाही’ म्हणण्याआधी वर्गातला आवाज मोजा

औशात माझा पुतण्या पहिलीत आहे, कानाला मशीन आहे. शाळेतून तक्रार आली, ‘सांगितलेलं ऐकत नाही, मध्येच उठतो.’ मी मोबाईलवर साउंड मीटर ॲप घेऊन त्याच्या मागच्या बाकावर बसलो. पंखा आणि पोरांचा गलका ६५ डेसिबल, बाईंचा आवाजही जवळपास तेवढाच!

मोबाईलचं मीटर अचूक नसतं, पण फरक कळतो. मशीन बोलण्याबरोबर गोंगाटही वाढवतं. अशा मुलाला शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल जास्त लागतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात.

म्हणून बाईंनी त्याला पुढे, पंख्यापासून लांब बसवलं. आता त्या आधी खांद्याला हात लावतात, मग समोरून एकच सूचना देतात. आम्ही रोज सकाळी बॅटरी तपासतो. उठणं बरंच कमी झालंय. पोरगं हट्टी नव्हतंच, त्याला ऐकूच येत नव्हतं.