बटाट्याचा पाव

वडापाव कोणाला माहीत नाही? त्यात बटाटा पावाच्या पोटात असतो. पण या पाठात आपण ज्या पावाची माहिती घेणार आहोत, त्यात बटाटा दिसतच नाही. तो पिठातच मळलेला असतो. युरोपातील खेड्यांत असा पाव पूर्वीपासून घरी भाजतात. तो गोल, जाड कवचाचा आणि थोडा ओबडधोबड असतो. लादीपावाइतका सुबक तो नसतो. पण आतून मऊ असतो आणि दोन-तीन दिवस तसाच मऊ राहतो.

पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आले. पाव पायांनी मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, असे काही लोक सांगतात. ती नुसती दंतकथा आहे. तुम्ही उर्दूत पावाला डबलरोटी आणि बटाट्याला आलू म्हणता. नावे निराळी, वस्तू त्याच. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला.

युरोपात बटाट्याचे स्वागत झाले नाही. फ्रान्समध्ये तर त्याने कुष्ठरोग होतो, अशी समजूत होती. ही समजूत दूर करण्यासाठी पारमांतिये नावाच्या फ्रेंच औषधतज्ज्ञाने फार मेहनत घेतली. १७५६ ते १७६३ या काळात युरोपात मोठे युद्ध झाले. त्यात तो प्रशियाच्या सैन्याच्या हाती सापडला. कैदेत त्याला बटाटे खायला मिळत. ते खाऊन आपली तब्येत बिघडत नाही, हे त्याच्या लक्षात आले. त्या काळी फ्रान्समधील गरीब माणसाचे पोट पावावरच भरत असे. गव्हाचे पीक बुडाले की पाव महाग होई आणि उपासमार सुरू होई. म्हणून मायदेशी परतल्यावर पारमांतियेने बटाट्यापासून पाव करण्याचे प्रयोग केले.

पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीवर हीच वेळ आली. ब्रिटिश आरमाराने समुद्रमार्ग अडवल्यामुळे बाहेरून येणारे धान्य कमी झाले. तेव्हा १९१४ मध्येच सरकारने पावाच्या पिठात बटाटा मिसळण्याचा हुकूम काढला. या पावाला लोक ‘का-ब्रोट’ म्हणत. ब्रोट म्हणजे पाव. ‘का’ हे जर्मन वर्णमालेतील एक अक्षर. त्याच अक्षराने जर्मन भाषेत युद्ध हा शब्द सुरू होतो आणि बटाटा हा शब्दही! पण १९१६ साली बटाट्याचेच पीक बुडाले. तो हिवाळा लोकांनी सलगमासारखे कंद खाऊन काढला. पाव पुरवण्यासाठी बटाटा, आणि बटाटाही संपला तर काय, हा प्रश्न तेव्हा लाखो घरांपुढे उभा होता.

टंचाईत सुरू झालेली गोष्ट टंचाई संपल्यावर बंद व्हायला हवी होती. बटाट्याचा पाव मात्र टिकला. याचे कारण त्याच्या गुणात आहे.

पाव फुगतो कसा, ते आधी पाहू. यीस्ट ही डोळ्यांना न दिसणारी, एका पेशीची बुरशी आहे. खमिरी रोटीचे खमीर तुम्हांला ठाऊक असेलच. त्यातही यीस्ट असते. यीस्ट पिठातील साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर सोडते. गव्हाचे पीठ पाण्यात मळले की त्यात ग्लुटेन नावाचा चिवट, रबरासारखा पदार्थ तयार होतो. त्याच्या जाळ्यात वायू अडकतो आणि पीठ फुगते. बटाट्यात ग्लुटेन नसते. त्यामुळे नुसत्या बटाट्याचा पाव फुगत नाही आणि बटाटा जास्त झाला तर पाव दडस होतो. मग बटाटा घालायचा कशाला? बटाट्यात स्टार्च भरपूर असतो. उकडताना त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि ते पाणी धरून ठेवतात. म्हणून पाव लवकर शिळा होत नाही. शिवाय बटाटा उकडलेल्या पाण्यात यीस्ट जोमाने वाढते. ते पाणी फेकून देणे म्हणजे निम्मी गंमत घालवणे.

आता कृती पाहू. अडीचशे ग्रॅम बटाटे सोलून, फोडी करून उकडावेत. पाणी गाळून बाजूला ठेवावे. बटाटे गरम असतानाच कुस्करावेत. गुठळी राहू देऊ नये. मग ते आणि ते पाणी कोमट होऊ द्यावे. घाई केली तर सगळे फुकट जाते, कारण सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णतेला यीस्ट मरते. पाण्यात बोट सुखाने ठेवता आले पाहिजे. साडेतीनशे ग्रॅम मैदा व दीडशे ग्रॅम कणीक एकत्र करून त्यात दीड चहाचा चमचा मीठ, एक चमचा साखर, दोन चमचे कोरडे झटपट यीस्ट, थोडे तेल व कुस्करलेला बटाटा घालावा. बटाट्याचे पाणी थोडे थोडे घालत मळावे. साधारण एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी लागते. पण बटाट्यात ८० टक्के पाणीच असते, म्हणून सगळे एकदम ओतू नये. पीठ हाताला चिकटेल. चिकटू द्यावे. वरून मैदा घालत राहिलात तर पाव कोरडा होईल. दहा मिनिटे चांगले मळावे.

पीठ झाकून ठेवावे. ते फुगून दुप्पट झाले पाहिजे. उन्हाळ्यात याला तासभरही लागत नाही. थंडीत दोन तास लागतात. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. नंतर त्याचा गोल गोळा करून वर मैदा भुरभुरावा, आणखी अर्धा तास ठेवावा आणि सुरीने वर दोन चिरा द्याव्यात. चिरा दिल्या नाहीत तर पाव भाजताना भलतीकडेच फाटतो. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २२० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे भाजावा. ओव्हन हाताळताना घरातील मोठे माणूस जवळ असावे. तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की पाव झाला.

घरी ओव्हन नसेल तर? महाराष्ट्रातील अनेक गावांत घरी केलेली नानखटाई ताटात मांडून मोहल्ल्यातील बेकरीत भाजायला नेतात. बेकरीवाल्या चाचांना विचारून त्याच भट्टीत हा पावही भाजून घेता येईल. भट्टीची आच किती आणि पाव कुठे ठेवायचा, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

गरम पावाचा वास सुटला की तो लगेच कापावासा वाटतो. पण आतली वाफ अजून जिरलेली नसते. सुरीला गिळगिळीत लगदा लागतो. तासभर थांबावे. दुसऱ्या दिवशी त्याच्या जाड चकत्या तव्यावर शेकून डाळीबरोबर किंवा निहारीच्या रश्श्यात बुडवून खाव्यात.