देवी जिकडे कान देते तो डोंगर

वणीच्या सप्तशृंग गडावर गेला नाही असा माणूस आमच्या नाशिक जिल्ह्यात विरळाच. परंतु देवीची मान किंचित कललेली का, याचा विचार किती जण करतात? जुनी माणसे सांगतात, समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करीत. तो ऐकण्यासाठी देवीने मान कलती केली. तो डोंगर म्हणजे मार्कंड्या. देवीचे लक्ष तिकडे आहे, आपले मात्र नाही!

गडावर २०१८ पासून ट्रॉली झाली. म्हाताऱ्याकोताऱ्यांची मोठी सोय झाली. मार्कंड्याला मात्र पायांवाचून वाहन नाही. आम्ही तिघे मित्र बाबापूरजवळच्या खिंडीतून चढू लागलो. एका हाताला रवळ्या-जावळ्या, दुसऱ्या हाताला मार्कंड्या. आधी उतार, मग माची, मग उभा कडा. ही रचना उगाच झालेली नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील लाव्हा थरावर थर असा पसरला. ठिसूळ थर झिजून उतार आणि माच्या झाल्या. टणक थर कडे होऊन उभे राहिले. भूगोलाच्या पुस्तकात हे एका ओळीत येते. चढताना मात्र एकेक थर गुडघ्यांना मोजावा लागतो.

खडकातल्या पायऱ्या संपल्या की माथ्यावर मार्कंडेयांचे देऊळ लागते. तिथे वाऱ्याखेरीज आवाज नव्हता. समोर सप्तशृंग, पूर्वेला धोडप आणि त्याच्या कातळभिंतीतली खाच. याच सातमाळा रांगेच्या परिसरात, दिंडोरीजवळ, ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी मोगली फौजेला धूळ चारली.

इतिहास लढाई सांगतो. डोंगर पाण्याची गोष्ट सांगतो. सातमाळा ही दोन खोऱ्यांमधली सीमा आहे. दक्षिणेकडे पडलेला थेंब गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो. उत्तरेकडचा गिरणेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला. एक डोंगर दोन समुद्रांना पाणी देतो! पण परतताना पायथ्याशी डोक्यावर हंडा घेतलेल्या एक मावशी भेटल्या. म्हणाल्या, "पाऊस लई पडतो रे पोरा, पर चैत लागला की हंडाभर पाण्याला कोसभर जावं लागतं." कारण उघड आहे. उतार उभा, माती थोडी, खाली घट्ट काळा पाषाण. पाणी मुरत नाही, पळते.

जुन्या लोकांनी हे ओळखले होते. म्हणूनच माथ्याजवळ कातळ फोडून त्यांनी पाण्याची टाकी खोदली. छिन्नी-हातोड्याने पळते पाणी अडवले. गड लढला तो अशा पाण्याच्या जोरावर.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कुठे ना कुठे भरते. ते एकदा या पायथ्याशी का भरू नये? गावकऱ्यांना विचारून उतारावर दगडी बांध घालता येतील, बुजलेले झरे मोकळे करता येतील. दोन समुद्रांकडे धावणाऱ्या पाण्यातले चार हंडे त्या मावशींच्या दारात थांबले, तर मार्कंड्याचे म्हणणे आपण ऐकले असे होईल.

(द्वितीय वर्ष, कला)