पडद्यावर किंमत कोण मोजतो?

कविता, कथा, आत्मकथन यांची चर्चा आपण ज्या गांभीर्याने करतो, त्या गांभीर्याने चित्रपटाची करीत नाही. घटकाभराची करमणूक म्हणून आपण तो बाजूला सारतो. परंतु आपल्या वस्तीतल्या माणसांनी जेवढी पुस्तके वाचली असतील त्याच्या कितीतरी पट सिनेमे पाहिलेले आहेत. आणि दलित माणूस कसा दिसतो, कसा बोलतो, कसा मरतो हे सवर्ण समाजानेही पुस्तकांपेक्षा पडद्यावरूनच अधिक शिकून घेतले आहे. म्हणून गेल्या काही महिन्यांत घरी बसून पाहिलेल्या काही जुन्या-नव्या चित्रपटांविषयी जे मनात आले ते येथे मांडतो. मी चित्रपटाचा समीक्षक नाही. छायाचित्रण, संकलन यांतले मला फारसे कळत नाही. पण घरी पाहण्याचा एक फायदा असतो. थिएटरच्या अंधारात रडू आले की माणूस रडून मोकळा होतो आणि बाहेर पडतो. घरी चित्रपट मध्येच थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि शेजारी बसलेली म्हातारी आई व कॉलेजात शिकणारी मुलगी गप्प बसू देत नाहीत.

हे चित्रपट पाहताना मी एकच प्रश्न मनाशी धरला होता : या कथेतल्या दलित माणसाला शेवटी माणूस म्हणून मान्यता मिळते ती कशाच्या बदल्यात?

'अछूत कन्या' हा बॉम्बे टॉकीजचा १९३६ सालचा बोलपट. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन. देविकाराणी रेल्वे फाटकावरच्या गेटमनची अस्पृश्य मुलगी कस्तुरी, आणि अशोककुमार ब्राह्मणाचा मुलगा प्रताप. त्या काळात हा विषय घेणे सोपे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण शेवट पहा. धावत येणारी गाडी थांबवून दुसऱ्यांचे प्राण वाचवताना कस्तुरी मरते, आणि फाटकापाशी तिचे स्मारक होते. जिवंत कस्तुरीला ज्या समाजात नांदता आले नाही तोच समाज तिच्या दगडापुढे हात जोडतो. मान्यता मिळाली, किंमत, प्राण.

बिमल रॉय यांचा 'सुजाता' १९५९ सालचा. नूतनचा अभिनय आजही मन हलवून सोडतो. उच्चवर्णीय घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी. पालन करणारी आई तिला 'मुलीसारखी' म्हणते, पण 'मुलगी' म्हणत नाही. हा बारकावा फार खरा आहे. शेवटी त्या आईला अपघात होतो, घरात कुणाचेही रक्त जुळत नाही, सुजाताचे जुळते. ती रक्त देते, आई वाचते, आणि तेव्हा कुठे सुजाता तिची मुलगी होते. येथे आमच्या घरात चित्रपट थांबला. आई म्हणाली, "आन् रगत जुळलंच नसतं तर?" मला वाटते, या चित्रपटावरची याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. रक्त जुळले नसते तर सुजाता माणूस ठरली नसती काय? माणूसपण सिद्ध करण्यासाठी ज्याला बाटलीभर रक्त मोजावे लागते, त्याला ते मिळाले असे म्हणायचे, की विकले गेले असे म्हणायचे?

सत्यजित राय यांची 'सद्गति' ही प्रेमचंदांच्या कथेवरची कलाकृती १९८१ सालची, दूरदर्शनसाठी केलेली. म्हणजे घरी पाहण्यासाठीच ती जन्मली. फक्त त्या वेळी आमच्या वस्तीत दूरदर्शन संच नव्हता. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घेण्यासाठी दुखी (ओम पुरी) पंडिताकडे जातो. पंडित त्याला उपाशीपोटी राबवतो, आणि न फुटणारा ओंडका फोडता फोडता दुखी मरून पडतो. प्रेताला हात कसा लावायचा? म्हणून पंडित पायाला दोर अडकवून ते ओढत नेतो, मेलेली जनावरे टाकतात तेथे. राय यांची नजर थंड आहे आणि म्हणूनच ती भाजते. येथे दिलासा नाही, स्मारक नाही. राय प्रेक्षकाला रडून मोकळे होऊ देत नाहीत, हे त्यांचे मोठेपण. तरीही एक गोष्ट उरतेच. दुखीच्या अंगात जो संताप आहे तो सारा त्या ओंडक्यावर पडतो. पंडितापर्यंत तो पोचत नाही.

तो पोचायला २०१४ साल उजाडावे लागले. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' त्या वर्षी चित्रपटगृहांत आला. डुकरे धरणाऱ्या कैकाडी घरातला जब्या, त्याचे एकतर्फी प्रेम, त्याची काळी चिमणी. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. हा प्रसंग पाहताना हसू येते आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते. मग जब्या आणि घरची माणसे मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन बाबासाहेबांचे चित्र रंगवलेल्या भिंतीवरून जातात. आणि अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे बघणाऱ्यावर येतो. जब्या कुणाचा जीव वाचवीत नाही, रक्त देत नाही, पडद्यावर मरतही नाही. तो किंमत मोजायलाच नकार देतो. हा नकार आपल्या साहित्याला नवा नाही.

मग प्रश्न पडतो की चित्रपटाला इतका उशीर का झाला? 'गोलपिठा' १९७२ चा, 'बलुतं' १९७८ चे. कारण, मला वाटते, सरळ आहे. कविता लिहायला वही आणि पेन पुरते. चित्रपटाला भांडवल लागते, यंत्रे लागतात, ओळखी लागतात, तो दाखवायला चित्रपटगृह लागते. या साऱ्या गोष्टी ज्यांच्या हाती होत्या त्यांनीच आपल्याविषयीच्या कथा सांगितल्या. त्यांतले पुष्कळ सज्जन होते. पण सज्जन माणूसही दुसऱ्याच्या घराकडे पाहतो तो रस्त्यावर उभे राहून. मंजुळे, तमिळमधले मारी सेल्वराज, हिंदीतले नीरज घायवान ही मंडळी घराच्या आतून रस्त्याकडे पाहतात. कॅमेऱ्याची जागा बदलली की कथा बदलते.

मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाल'मध्ये (२०१८) कायद्याचा विद्यार्थी असलेला नायक अपमान, मारहाण, खुनाचा प्रयत्न सारे सोसतो आणि जिवंत राहतो. शेवटी मुलीच्या बापासमोर उभा राहून तो दयेची नाही, बरोबरीच्या बोलण्याची मागणी करतो. समोर चहाचे दोन पेले शेजारी शेजारी आहेत. ज्यांनी गावच्या हॉटेलात आपला वेगळा कप खुंटीवरून काढून स्वतःच विसळून ठेवला आहे, त्यांना या दोन पेल्यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

घायवान यांची 'गीली पुच्ची' (२०२१) ही छोटी फिल्म माझ्या मुलीला सर्वांत आवडली आणि आईला मुळीच आवडली नाही. भारती मंडल कारखान्यात यंत्रावर काम करते. कचेरीतली जागा तिच्या लायकीची, पण ती प्रिया शर्माला मिळते. पुढे भारती प्रियाच्या भाबडेपणाचा उपयोग करून ती जागा मिळवते. आईचे म्हणणे, "आपल्या बाईनं असं कपट का करावं?" मुलीचे म्हणणे, "आजी, तिनं दर वेळी देवीसारखंच का वागायचं?" मी मुलीच्या बाजूने आहे. भारतीचे वागणे मला योग्य वाटते असे नाही. परंतु दलित पात्राला चुकण्याचा, लोभाचा, धूर्तपणाचाही हक्क असणे, ही समतेचीच खूण आहे. कस्तुरी आणि सुजाता केवळ देत होत्या. भारती घेते.

'जय भीम' (२०२१) चित्रपटगृहात न येता थेट घरांतच आला. तमिळनाडूत १९९३ साली घडलेल्या कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणावर तो आधारलेला आहे. वकिलाची व्यक्तिरेखा इतकी उंच केली आहे की पीडित माणसे काही वेळा तिच्या सावलीत जातात, ही माझी तक्रार. पण नवरा गमावलेली सेंगेनी तडजोडीचे पैसे नाकारते, तेथे चित्रपट तिचा होतो. मेलेल्या माणसाची किंमत ठरवायला आलेल्या व्यवस्थेला ती म्हणते की हा सौदा होणार नाही. अखेरीस तिची लहानगी मुलगी वकिलासमोरच्या खुर्चीत पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते. रेल्वे फाटकावरच्या स्मारकापासून या खुर्चीपर्यंत यायला पंचाऐंशी वर्षे लागली.

चित्र पूर्ण पालटले असे कुणी समजू नये. 'सैराट'चा (२०१६) शेवट आठवावा : मासेमाऱ्याचा मुलगा आणि पाटलाची मुलगी दोघेही मारली जातात, आणि लहान मुलाची रक्ताळलेली पावले उमटतात. बाहेर जे घडते ते पडद्यावर येणारच. फरक एवढाच की येथे त्या मरणातून कुणाच्याही विवेकाला शांती मिळत नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. घरी चित्रपट पाहताना डोळ्यांत पाणी आले की क्षणभर तो थांबवावा आणि विचारावे, हे पाणी कशाच्या मोबदल्यात काढले गेले? कुणाच्या मरणाच्या, की कुणाच्या उभे राहण्याच्या? आणि हा प्रश्न मनात ठेवू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर आणि पोरांसमोर तो मोठ्याने विचारावा. आपली समीक्षा तेथूनच सुरू होईल.