वरणाची वाटी आणि पावडरचा डबा

भाच्याला पुण्यात शिकायला येऊन सहा महिने होत नाहीत तोच खोलीवरच्या कपाटात पावडरचा हा भलामोठा डबा. किंमत ऐकून मी खालीच बसले; तेवढ्यात मेसचा महिना निघाला असता. "मावशी, व्हेजमध्ये प्रोटीन असतंच कुठे? आणि डाळीतलं असतं ते इनकम्प्लीट," असं तो वर मलाच शिकवायला लागला. हे वाक्य आता कुठल्याही होस्टेलवर ऐकू येतं.

मुळात हे 'इनकम्प्लीट' काय आहे? शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत अशी नऊ अमिनो आम्लं अन्नातून घ्यावी लागतात. डाळीत ती नऊच्या नऊ असतात. फक्त मिथिओनिन जरा कमी पडतं. गहू-तांदळात लायसिन कमी, पण मिथिओनिन पुरेसं. दोन्ही पोटात गेलं की हिशेब जुळतो, आणि वरण-भात, आमटी-पोळी आपण नाहीतरी एकत्रच खातो. त्यातही ते एकाच ताटात हवं, ही अट खोटी. फ्रान्सिस मूर लॅपे या अमेरिकन लेखिकेने 1971 च्या पुस्तकातून ही जोड्या लावण्याची कल्पना घरोघरी नेली आणि 1981 च्या आवृत्तीत तिनेच ती चूक कबूल केली. सकाळी पोळी आणि रात्री उसळ, तरी चालतं. लेखिकेने मागे घेतलेलं जिमचे दादा अजून सांगतायत!

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020 ची शिफारस आहे दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम. साठ किलोच्या मुलाला पन्नास ग्रॅम. दिवसभराच्या सहा पोळ्यांतून साधारण 19, भातातून 4, दोन वाट्या घट्ट वरणातून 11, मटकीच्या उसळीतून 8, पाव लिटर दूध-दह्यातून 8 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 6. झाले 56. जोरात व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतं, हे मान्य. त्याने सोयाबीनच्या वड्या खाव्यात. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नासच्या वर प्रोटीन असतं. याच संस्थेच्या 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत तर शरीर कमावण्यासाठी पावडरी टाळा, असं स्पष्ट लिहिलंय. गंमत म्हणजे त्या डब्यातलं 'व्हे' हे चीज-पनीर करताना उरणाऱ्या निवळीतूनच काढतात. व्हेजमध्ये प्रोटीन नाही म्हणणारा आमचा पैलवान रोज दुधाची निवळी पितो.

खरी अडचण दुसरीच आहे. सकाळी वडापाव, दुपारी बटाट्याची भाजी-पोळी, रात्री नूडल्स, आणि वरण ताटात तसंच. मग प्रोटीन येणार कुठून? हा दोष शाकाहाराच्या माथी कशाला?

बाकीचे समज थोडक्यात. उपवासाची साबुदाणा खिचडी पौष्टिक, तर ती दाण्याच्या कुटामुळे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. मोड आले की प्रोटीन वाढतं, हेही नाही. क जीवनसत्त्व वाढतं, आणि कडधान्य पाण्याने फुगतं. गूळ कितीही खा, असं कोणी सांगितलं? उष्मांक जवळपास साखरेइतकेच. पालकात लोह आहे, पण शरीराला त्यातलं फार थोडं मिळतं. वर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका.

एका बाबतीत मात्र भाच्याची काळजी रास्त आहे: बी-12. ते वनस्पतीत जवळजवळ नसतं. दूध, दही रोज हवं, अंडं चालत असेल तर उत्तम. दूधही बंद केलं असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

डबा परत करता येईना, सील फोडलेलं. "पण मेसचं वरण पाण्यासारखं असतं गं," भाचा म्हणाला. म्हटलं, डाळ खाली बसते रे राजा. काकूंना सांग, डाव तळापासून ढवळून वाढा.