एक जूनला जन्मलेले रुग्ण

महाराष्ट्रातल्या एखाद्या रुग्णालयातली ज्येष्ठ रुग्णांची यादी जन्मतारखेप्रमाणे लावली, तर एक तारीख हटकून पुन्हा पुन्हा दिसते: 1 जून. पूर्वी घरोघरी जन्माची नोंद होत नसे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि नाव घालताना गुरुजी अंदाजाने 1 जून लिहून मोकळे व्हायचे. शाळेच्या दाखल्यावरची ती तारीख पुढे प्रत्येक ओळखपत्रावर चढली आणि तिथून रुग्णालयाच्या संगणकात आली. नाव आणि जन्मतारीख जुळवून रुग्ण ओळखायचं काम संगणकाला दिलं, तर एकाच तालुक्यातल्या दोन पांडुरंग शिंद्यांचे केस पेपर एकमेकांत मिसळू शकतात. एकाची पेनिसिलीनची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर गेली, तर खरी ॲलर्जी असलेल्याला तेच इंजेक्शन दिलं जाण्याचा धोका उभा राहतो.

असे घोटाळे ओळखणं आणि टाळणं हे हेल्थ इन्फर्मेटिक्सचं, म्हणजे आरोग्य-माहितीशास्त्राचं काम. रुग्णाची माहिती नीट नोंदवायची, ठरलेल्या सांकेतिक पद्धतीत बसवायची, योग्य डॉक्टरपर्यंत वेळेत पोहोचवायची आणि हजारो नोंदींतून रोगाचा कल ओळखायचा. भारतात हे काम झपाट्याने वाढतं आहे. क्षयरुग्णांच्या नोंदींसाठी ‘निक्षय’ ही ऑनलाइन व्यवस्था 2012 मध्ये आली. 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि 14 अंकी ‘आभा’ हा आरोग्य-ओळख क्रमांक लोकांच्या हाती आला.

ही माहिती सांभाळणारी माणसं घडवायची, तर सुरुवात आठवी-नववीपासून व्हायला हवी. कारण खरी अडचण अकरावीच्या प्रवेशाला येते. विज्ञान शाखेतली अनेक मुलं इंजिनिअरिंगसाठी जीवशास्त्र सोडतात, नाहीतर मेडिकलसाठी गणित सोडतात. या क्षेत्राला दोन्ही लागतं. सोळाव्या वर्षी घेतलेला तो निर्णय मुलांना फार महागात पडतो, आणि तो घेताना हे तिसरं दार त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

हे दार दाखवण्यासाठी नवा विषय काढायची गरज नाही. सीबीएसईच्या इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेसमध्ये पायथॉन, पांडाज आणि मायएसक्यूएल शिकवलं जातं. राज्य मंडळात तर माहिती तंत्रज्ञान हा विषय कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांना घेता येतो. सरावासाठी मुलांचे गुण किंवा दुकानाची विक्री घेण्याऐवजी खऱ्या नोंदींच्या धर्तीवर बनवलेली दोनशे काल्पनिक रुग्णांची यादी घ्यावी. रक्तदाबाचा रकाना उघडला की मुलांच्या लक्षात येईल, 120, 130, 140... जवळजवळ प्रत्येक आकडा शून्यावर संपतो. रक्तदाब असा वागत नाही. मोजणारा माणूस आकडा जवळच्या शून्यावर नेतो. प्रत्यक्षातल्या नोंदींतही हा दोष जगभर आढळतो. वयाच्या रकान्यात 50, 55, 60 यांची गर्दी होते, तीही आकडा असा सोयीने गोल करण्यामुळेच. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो कुणी, कसा आणि कुठे लिहिला हे विचारायची सवय अशा एका तासात लागू शकते. महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा ती कितीतरी मोलाची आहे.

भाषाही इथे तितकीच महत्त्वाची. डॉक्टरांनी कागदावर नुसतं ‘डीएम’, म्हणजे मधुमेह, एवढंच लिहिलं, तर तो कोणत्या प्रकारचा? रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पहिल्या प्रकाराला ई10, दुसऱ्याला ई11 आणि प्रकार न नोंदवलेल्याला ई14 हा संकेत आहे. नोंद लावणाऱ्याला केस पेपर बारकाईने वाचावा लागतो आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारावं लागतं.

वर्गातली यादी काल्पनिकच हवी, याबाबत शिक्षकांनी जराही सवलत देऊ नये. क्षय किंवा एचआयव्हीची नोंद गावात फुटली, तर त्या घराला काय सोसावं लागतं हे मुलांना कळायला हवं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा त्यांना याच वयात समजावून सांगता येतो.

पुढचा रस्ताही आता स्पष्ट होतो आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या 2021 च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात आरोग्य-माहिती क्षेत्राचा स्वतंत्र गट आहे. क्लिनिकल कोडर आणि वैद्यकीय नोंदींचे विश्लेषक त्यात येतात. शाळांच्या करिअर मार्गदर्शनात ही नावं यायला हवीत. मुलांना एक दिवस जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये न्यावं. कुणाचीही फाइल उघडायची नाही. ओपीडीच्या खिडकीवर केस पेपर निघाल्यापासून डिस्चार्ज कार्ड हातात पडेपर्यंत एक नोंद किती हातांतून जाते, एवढंच तिथल्या कर्मचाऱ्यांकडून समजून घ्यायचं.