जुनी बाईक घेताय? पेंट नंतर बघा, आधी सीट उघडून फ्यूज बघा!

यामाहा आरएक्स १०० चं भारतातलं उत्पादन १९९६ मध्ये बंद झालं. तरीही चकाचक पेंट मारलेली आरएक्स दिसली, की आजही लोकांची पावलं थांबतात. बुलेटचंही तेच. इंजिनाचा आवाज ऐकला जातो, सायलेन्सर बघितला जातो, कागदपत्रं तपासली जातात आणि व्यवहार ठरतो.

पण एक गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत, ती म्हणजे वायरिंग!

इतक्या वर्षांत गाडी अनेक हातांतून गेलेली असते. कुणी रस्त्यात बंद पडली म्हणून एखादी वायर "डायरेक्ट" केलेली असते, कुणी मोठा हॉर्न बसवलेला असतो. असे जुगाड वरून दिसत नाहीत. मग ते ओळखायचे कसे?

फ्यूजच्या जागी तार

सुरुवात इथूनच करा. सीट किंवा साइड पॅनल उघडा आणि फ्यूज शोधा. फ्यूज मुद्दाम कमजोर बनवलेला असतो. शॉर्ट सर्किट झालं, की सगळ्यात आधी तो वितळतो आणि बाकीची वायरिंग वाचते.

लहान बाइक्समध्ये साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद दिसला, तर सावध व्हा. अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वितळायला जवळपास २८ अँपिअर करंट लागतो. तेवढ्यात गाडीची बारीक वायर तापून तिचं प्लास्टिक वितळायला लागतं, आणि ही वायर अनेकदा पेट्रोलच्या टाकीखालूनच जाते. म्हणजे जळायला हवा होता फ्यूज, जळते वायरिंग!

पिळून टेप मारलेले जोड

दोन वायर नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळणं हा सगळ्यात जास्त दिसणारा जुगाड. उष्णतेने टेपचा गोंद सुटतो, पावसाचं पाणी आत जातं आणि तांबं हिरवट पडतं. अशा जोडाचा रोध फक्त ०.२ ओहम झाला आणि त्यातून ५ अँपिअर करंट गेला, तर एक व्होल्ट तिथेच वाया जातो आणि त्या एका ठिकाणी ५ वॅट उष्णता तयार होते. म्हणूनच हेडलाइट मंद होतो आणि जोड हाताला गरम लागतो.

वायरचे रंगही बघा. तपकिरी वायर मध्येच लाल झाली असेल, तर तिथे कुणाचा तरी हात लागलाय. घरातल्या फिटिंगची कडक वायर वापरली असेल, तर ती गाडीच्या थरथरीने तुटू शकते.

मोठा बल्ब, मोठा हॉर्न

६० वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावला, की १२ व्होल्टच्या गाडीत करंट ५ वरून ८ अँपिअरच्या पुढे जातो. वायरमधली उष्णता मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे अडीच पटीहून जास्त! वितळलेला होल्डर आणि काळा पडलेला कप्लर ही त्याची खूण.

मोठ्या हॉर्नला रिले हवा. रिले असला, की बटणातून अगदी कमी करंट जातो आणि हॉर्नचा मोठा करंट बॅटरीकडून वेगळ्या जाड वायरने येतो. रिले नसेल, तर सगळा भार त्या छोट्या बटणावर पडतो.

दोन मिनिटांच्या दोन चाचण्या

इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे वळवा. लाइट लुकलुकला किंवा इंजिन बंद पडलं, तर हँडलजवळ वायर तुटत आलेली किंवा जोड सैल असू शकतो.

दुसरी चाचणी मल्टिमीटरची. गाडी बंद असताना चांगली चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर हा आकडा १३.५ ते १४.५ च्या आसपास हवा. तो १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर खराब आहे किंवा भलत्याच गाडीचा बसवलाय. अजिबात वाढला नाही, तर बॅटरी चार्जच होत नाहीये.

मग अशी गाडी घ्यायचीच नाही का?

तसं नाही. बदललेली प्रत्येक वायर वाईट नसते. नीट दाबून बसवलेला किंवा सोल्डर केलेला जोड, त्यावर घट्ट स्लीव्ह, योग्य अँपिअरचा फ्यूज आणि जास्तीच्या लाइटला रिले असेल, तर काम जाणकाराने केलंय असं समजा. पण टेपचे जोड जागोजागी असतील, तर एकेक जोड दुरुस्त करण्यापेक्षा पूर्ण वायरिंग बदलणं बरं. तो खर्च आधीच गाडीच्या किमतीतून कमी करून घ्या.

आणि गाडी घेतल्यावर स्वतः काही उघडणार असाल, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पॉझिटिव्हला आधी हात घातला आणि पाना चेसिसला टेकला, तर तिथेच ठिणगी उडते. टाकीतलं पेट्रोल तिथून हातभरही लांब नसतं!